पाहुण्याचा रस्ता आणि शहर

परक्या देशातील अफाट शहरात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या प्रवाशाची नजर निर्मळ असते, असे प्रवासवर्णनांचे वाचक सहसा गृहीत धरतात. नव्या माणसाला जे दिसते ते जुन्याला दिसत नाही, हे काही अंशी खरेही आहे. पण प्रवासी कोठे उतरतो, कोणत्या रस्त्याने मुक्कामी जातो, त्याचे सामान कोण उचलतो आणि दार कोण उघडतो, हे त्याच्या आगमनापूर्वीच ठरलेले असते. त्याची पहिली नजर त्याच रस्त्यावरून फिरते. तो रस्ता कोणी आखला, हा प्रश्न विचारल्यावाचून प्रथमदर्शनाची किंमत ठरविता येत नाही.

बंगळुरू हे असे एक शहर आहे की, ज्याच्या प्रथमदर्शनावर जगात मोठमोठे सिद्धान्त उभारले गेले. त्या दर्शनात इंदिरानगर या वस्तीला मोठे स्थान आहे. मराठी वाचकाचा मात्र या नावाशी गोंधळ होण्याचा संभव आहे. मुंबईत इंदिरानगर म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती रेल्वेच्या रुळालगतची, नाल्याकाठची किंवा टेकडीच्या उतारावरची झोपडपट्टी. १९७१ च्या 'गरिबी हटाव'च्या घोषणेनंतर कष्टकऱ्यांनी आपल्या वस्त्यांना दिल्लीच्या पंतप्रधानांचे नाव दिले, ते बहुधा एवढ्याच आशेने की, या नावाच्या पाटीवर पालिकेचा हातोडा सहजासहजी पडणार नाही. बंगळुरूचे इंदिरानगर त्याच बाईंच्या नावाचे, पण ते नगरविकास खात्याने आखलेल्या भूखंडांचे. बिन्नमंगल नावाच्या खेड्याच्या शिवारात सत्तरच्या दशकात ही वसाहत आकाराला आली. सैन्यातील निवृत्त अधिकारी आणि सरकारी कारखान्यांतील वरिष्ठ नोकरवर्ग येथे घरे बांधून राहिला. आज त्यांच्या बंगल्यांच्या जागी उंची उपाहारगृहे, मद्यगृहे आणि कपड्यांची दुकाने आहेत. मोतप्पनपाळ्य, अप्पारेड्डीपाळ्य ही जुन्या खेड्यांची नावे गल्ल्यांच्या पाट्यांवर तेवढी उरली आहेत. एकाच नावाच्या दोन वस्त्या, एक घर वाचविण्यासाठी ते नाव घेणारी आणि दुसरी भूखंड विकून श्रीमंत झालेली! समाजवादी ढंगाच्या समाजरचनेच्या घोषणेची ही परिणती स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

इंदिरानगर प्रवाशांच्या डोळ्यांत भरले याचे कारण त्याच्या सौंदर्यापेक्षा भूगोलात अधिक आहे. २००८ च्या मे महिन्यापर्यंत बंगळुरूचा नागरी विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या आवारात होता. तेथे उतरलेला परदेशी पाहुणा जुन्या विमानतळाच्या रस्त्याने डोमलूरवरून शहरात शिरे, आणि इंदिरानगरचा शंभर फुटी रस्ता त्याला वाटेतच लागे. संगणक कंपन्यांच्या पाहुण्यांची उतरण्याची, खाण्यापिण्याची आणि खेळण्याची ठिकाणे याच पट्ट्यात वाढली. गोल्फचे मैदानही जवळच. अमेरिकी पत्रकार थॉमस फ्रीडमन यांचे 'द वर्ल्ड इज फ्लॅट' हे २००५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक सुरू होते ते बंगळुरूच्या गोल्फ मैदानावर. पलीकडे अमेरिकी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, आणि त्यांच्या रोखाने चेंडू मारावा असा जोडीदाराचा सल्ला. एवढ्यावरून, आणि पुढे एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या आवारातील मुलाखतीवरून, जग सपाट झाल्याचा साक्षात्कार या प्रवाशाला झाला. स्वतःची तुलना त्यांनी कोलंबसाशी केली आहे. ती त्यांना वाटली त्यापेक्षा अधिक समर्पक आहे, कारण कोलंबसही जेथे पोहोचला त्याऐवजी दुसरेच ठिकाण सापडल्याचे सांगत परतला होता.

त्या पहिल्याच पानांत एक बारीक तपशील आहे. खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या नोकराच्या डोक्यावर एका अमेरिकी कंपनीच्या नावाची टोपी होती. प्रवाशाने ते नाव टिपले. टोपीखालचा माणूस कोठून आला, दिवसाला काय मिळवितो, रात्री कोठे निजतो, हे विचारण्याचे प्रयोजन त्याला वाटले नाही. तेवढे विचारले असते, तर जगाच्या सपाटपणाविषयीचा निष्कर्ष पहिल्या प्रकरणातच अडचणीत आला असता.

अशी नजर नवी नाही. १८९६ साली विन्स्टन चर्चिल नावाचा एकवीस वर्षांचा घोडदळातील अधिकारी मुंबईला ससून गोदीत उतरला. धक्क्यावरची लोखंडी कडी धरताना त्याचा खांदा दुखावला, आणि ती दुखापत त्याला जन्मभर सतावीत राहिली. तेथून तो बंगलोरच्या छावणीत गेला. आज इंदिरानगर आहे त्याच्या पश्चिमेलाच ही छावणी पसरली होती. उत्तम हवा, गुलाबांची बाग, पोलोचा खेळ आणि हाताशी मुबलक नोकर, असे त्याच्या आठवणींतले बंगलोर. चर्चिलसाहेबांकडून येणे राहिलेल्या तेरा रुपयांची नोंद तेथील क्लबच्या वहीत आहे आणि ती पाहुण्यांना कौतुकाने दाखविली जाते. १८९८ साली याच शहरात प्लेग शिरला. पुण्यात त्याच्या आदल्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत सोजीर घुसले होते, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. बंगलोरच्या दाट वस्तीतून माणसे पळाली, मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या नव्या पेठांची आखणी झाली. पण आजही हौशी लेखक त्या काळाची आठवण काढतात तेव्हा गुलाबांची बाग आणि तेरा रुपयेच आठवतात.

मराठी माणसाला हे शहर अगदीच परके नाही, असेही काही जण अभिमानाने सांगतात. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांच्या नेतृत्वाखाली बंगलोर घेतले, आणि पुढे ते शहाजींच्या जहागिरीत होते, हे खरे आहे. १६८७ साली मोगलांनी ते जिंकले आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना विकले. शहराच्या जमिनीचे व्यवहार पुढे इतके वाढले आहेत की, तो सौदा आज स्वस्तातला वाटावा. पण जहागिरीच्या अभिमानापेक्षा अधिक मोलाचा एक संबंध आहे. बंगलोरच्या विमान कारखान्याचा पाया १९४० च्या डिसेंबरात घातला गेला, तो म्हैसूर संस्थानाच्या साह्याने सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. स्वातंत्र्यानंतर त्याभोवती सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांची रांग उभी राहिली. टेलिफोन, घड्याळे व यंत्रे, इलेक्ट्रॉनिक्स, मातीकामाची अवजड यंत्रे. इंदिरानगरच्या पूर्वेला बैयप्पनहळ्ळीत पश्चिम जर्मन कंपनीच्या सहकार्याने विजेची यंत्रसामग्री बनविणारा राज्य सरकारचा कारखाना निघाला. बंगळुरूला उद्योगनगरी कोणी केले, याचे उत्तर या कारखान्यांच्या भोंग्यांत आहे. त्या भोंग्यांवर हे शहर कितीतरी वर्षे उठत व निजत होते.

१९८० च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस या कारखान्यांतील कामगारांनी संप पुकारला. भोपाळच्या अवजड वीजयंत्र कारखान्याच्या कंपनीत जे वेतन मिळते त्याच्या बरोबरीने आपणांस वेतन मिळावे, ही त्यांची प्रमुख मागणी होती. विमान, टेलिफोन, घड्याळे, इलेक्ट्रॉनिक्स, अवजड यंत्रे या पाचही उद्योगांतील सुमारे सव्वा लाख कामगार त्यात उतरले आणि संप १९८१ च्या मार्चपर्यंत, ७७ दिवस चालला. त्यानंतर दहाच महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दोन शहरांतील हे दोन लढे एकत्र वाचण्याची सवय आपल्याकडे पडली नाही. ती पडावयास हवी होती. एकीकडे देशातील जुन्या खाजगी भांडवलाचा कणा असलेला उद्योग, दुसरीकडे नियोजनातून जन्मलेला सार्वजनिक उद्योग. मालक वेगळे, पण संपाला मिळालेले उत्तर एकच होते: कामगार थकेपर्यंत थांबा.

पुढे जे घडले त्यातही साम्य आहे. परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आलिशान बाजारपेठ उभी राहिली, आणि आज तेथे येणारा पाहुणा शिल्लक राहिलेली चिमणी शोभेची वस्तू म्हणून पाहतो. बैयप्पनहळ्ळीचा कारखाना या शतकाच्या आरंभी बंद पडला. घड्याळांच्या कारखान्याला कुलूप लावण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. एके काळी नव्या नवऱ्या मुलाच्या मनगटावर जे घड्याळ हमखास दिसे, ते आज जुन्या वस्तूंच्या शौकिनांच्या कपाटात जाऊन बसले. ज्या १९८१ साली संप मोडला, त्याच साली पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस कंपनी निघाली, आणि १९८३ साली ती बंगलोरला गेली. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकी कंपनी तेथे आली. पाहुण्याला सांगितली जाणारी कथा येथून सुरू होते, जणू त्यापूर्वी या जागी झाडे, तळी आणि निवृत्त माणसेच होती. वास्तविक नव्या कंपन्यांना हवे असलेले अभियंते, संशोधन संस्था, इंग्रजी शाळा आणि शिस्तीत काम करणारा नोकरवर्ग हे सारे सार्वजनिक पैशाने आधीच निर्माण करून ठेवले होते. खाजगी चमत्कार म्हणून जे दाखविले जाते, त्याची निम्मी बांधणी सरकारी खर्चाने झालेली होती.

या कथेची दुसरी बाजू अमेरिकेत ऐकू येते. तेथील इंग्रजीत काही काळ बंगलोर या नावाचे क्रियापदच झाले: ज्याची नोकरी स्वस्त मजुरीच्या देशात पाठविली गेली, तो 'बंगलोर झाला'. मराठीत कामाची काशी झाली म्हणतात, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच की काशीवर कोणी राग धरीत नाही. २००९ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष ओबामांनी करपद्धतीवर बोलताना बंगलोर आणि न्यूयॉर्क राज्यातील बफेलो यांना समोरासमोर उभे केले. अमेरिकी कंपनीने नोकरी बंगलोरला निर्माण केली तर कमी कर आणि बफेलोला केली तर जास्त, ही त्यांची तक्रार होती. करचुकवेगिरीबद्दलचा त्यांचा मुद्दा रास्त होता. पण बफेलोलगतच्या लॅकावाना येथील प्रचंड पोलाद कारखान्यातले बहुतेक काम बंद पडले ते १९८३ साली, म्हणजे बंगलोरात सॉफ्टवेअरच्या कंपन्या जेमतेम पाय टेकत असताना. बफेलोच्या पोलाद कामगाराचा घास बंगलोरच्या अभियंत्याने हिरावला नव्हता. दोघांच्या डोक्यावर बसलेले भांडवल एकच, आणि दोघांची ओळख होऊ नये यात त्याचा फायदा. सपाट जगाचा सिद्धान्त आणि परक्यांनी नोकऱ्या पळविल्याची ओरड वरवर परस्परविरोधी दिसतात, पण कारखानदाराला प्रश्न न विचारण्याच्या बाबतीत त्यांचे एकमत आहे.

प्रवासी कष्टकरी असेल तर काय होते? याचे मराठीतील सर्वांत मोठे उदाहरण अण्णा भाऊ साठे यांचे. १९२० साली वाटेगावी जन्मलेला हा मुलगा आईबापांबरोबर चालत मुंबईला आला. एका अफाट, अपरिचित शहराचे त्यांचे प्रथमदर्शन अनवाणी पायांनी घडले होते. पुढे १९६१ साली, 'फकिरा' प्रसिद्ध झाल्यानंतर दोन वर्षांनी, ते सोव्हिएत युनियनला गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक त्यांनी लिहिले. तेही तेथे पाहुणेच होते, आणि यजमान पाहुण्याला घराची चांगली खोली दाखवितो हा नियम मॉस्कोलाही लागू होता; सोव्हिएत युनियन १९९१ साली लयाला गेल्यानंतर हे मान्य करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या कित्येक प्रवासवर्णनांनी ती एक खोली पाहून सारे घर वर्णिले, आणि वाचकांचे त्यात नुकसान झाले. पण अण्णा भाऊंच्या हाती एक मोजपट्टी होती, जी फ्रीडमन यांच्याकडे नव्हती. चाळीतील खोली, गिरणीतील पाळी, रस्त्यावरची भूक यांचा अनुभव घेऊन ते गेले होते. मोठी इमारत पाहिली की तीत कोण राहतो हा प्रश्न ज्याला आपोआप सुचतो, असा प्रवासी दाखविलेल्या रस्त्यावरूनही न दाखविलेले काही पाहून येतो. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला, तेव्हा त्यांच्या जयजयकारात या प्रश्नाची आठवण फारशी कोणी काढली नाही.

त्याच प्रश्नाने बंगळुरू पाहिले, तर पहिला पाहुणा विमानतळावर भेटत नाही. तो रेल्वेने येतो. मुंबईहून सुटणारी उद्यान एक्सप्रेस पुणे, सोलापूर, कलबुर्गी, वाडी, रायचूर असे थांबे घेत बंगळुरूला पोहोचते. सोलापूरच्या पलीकडच्या दुष्काळी पट्ट्यातील शेतमजूर याच रुळांवरून एका हंगामात मुंबईकडे आणि दुसऱ्या हंगामात बंगळुरूकडे जातो. ओडिशा, बिहार, बंगाल, आसाम येथील तरुण त्याच्या जोडीला असतात. भाषा वेगळी, पाट्या वाचता येत नाहीत, मुकादमाचा फोन नंबर हा एकमेव पत्ता. त्याच्यासाठी हे शहर कोणत्याही परदेशाइतके परके असते. इंदिरानगरच्या इमारती तो बांधतो, आणि बांधून झाल्यावर तेथील पहारेकरी त्याला आत सोडत नाही.

२०२० च्या मे महिन्यात या पाहुण्याशी शहराने कसा व्यवहार केला, हे विसरण्यासारखे नाही. टाळेबंदीत काम आणि अन्न दोन्ही तुटल्यावर मजुरांना गावी जावयाचे होते, आणि त्यांच्यासाठी श्रमिक गाड्या सुरू झाल्या होत्या. ५ मे रोजी मुख्यमंत्र्यांची बांधकाम व्यावसायिकांबरोबर बैठक झाली, आणि त्यापाठोपाठ राज्य सरकारने रेल्वेला गाड्या नकोत असे कळविले. बांधकामे पुन्हा सुरू व्हावयाची होती, तेव्हा मजूर जाता कामा नये. देशभर टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांत हा निर्णय फिरवावा लागला. पण तेवढ्या अवधीत एक गोष्ट लख्ख दिसून गेली: ज्याला शहरात येण्याचे निमंत्रण नव्हते, त्याला शहरातून जाण्याचीही परवानगी नव्हती. महाराष्ट्राने या बाबतीत नाक वर करण्याचे कारण नाही. त्याच आठवड्यात, ८ मे रोजी, जालन्याहून रुळांच्या कडेने चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले.

पाहुण्यासाठी शहर सजविण्याची रीत तर सार्वत्रिक झाली आहे. २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकी अध्यक्षांच्या भेटीपूर्वी अहमदाबादेत झोपड्यांपुढे भिंत बांधली गेली. जी-२० च्या बैठकीच्या वेळी मुंबईत झोपडपट्ट्यांपुढे पडदे लागले. बंगळुरूची पद्धत अधिक कायमस्वरूपी आहे. २०१३ च्या जानेवारीत इंदिरानगरपासून काही किलोमीटरवरील एजिपुरा येथे, दुर्बल घटकांसाठी राखलेल्या जागेवरील सुमारे दीड हजार कुटुंबांच्या झोपड्या पाडण्यात आल्या. त्या जमिनीच्या योजनेत खाजगी विकासकाचा बाजारही होता. पडदा लावण्यापेक्षा माणसेच हलविली की पुढच्या पाहुण्याच्या वेळी खर्च वाचतो.

शहराचे पाणीही असेच आहे. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, पाचएकशे मीटर उंच चढवून बंगळुरूला आणले जाते. या भागातील सांडपाणी ज्या खोऱ्याने वाहते ते बेळ्ळंदूर तळ्याला मिळते, आणि त्या तळ्याने गेल्या दशकात एकाहून अधिक वेळा पेट घेतला; २०१८ च्या जानेवारीत आग विझविण्यास सैनिक बोलवावे लागले. पाणी जळते, हे दृश्य कोणत्याही प्रवाशाला थक्क करील. पण २०११ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या मेट्रोच्या खिडकीतून इंदिरानगर पाहणाऱ्यास ते दिसत नाही. त्या मेट्रोची स्वच्छता पाहुणे वाखाणतात, आणि ती खरीच वाखाणण्यासारखी आहे. मात्र २०२५ च्या फेब्रुवारीत तिचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० झाले, तेव्हा ज्यांनी ती बांधली त्यांना ती बाहेरूनच पाहण्याची पाळी आली.

शहराचे जे लोक पाहुण्याला दिसत नाहीत, त्यांनी अलीकडच्या वर्षांत स्वतःला दिसावयास लावले आहे. २०२२ च्या जुलैत पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, नोकरीत कायम करण्याच्या मागणीसाठी संपावर गेले. पहाटे इंदिरानगरच्या मद्यगृहांपुढची घाण उचलणाऱ्या या बायकांनी झाडू खाली ठेवला तेव्हा शहराला त्यांची ओळख पटली. १ मे २०२५ रोजी १२,६९२ पौरकार्मिकांना कायम नेमणुकीची पत्रे मिळाली. त्याच वर्षी फोनवरून मागणी येणारे जेवण व सामान पोहोचविणाऱ्या कामगारांसाठी राज्याने आधी वटहुकूम काढला आणि मग कायदा केला. प्रत्येक व्यवहारातील मोबदल्यावर एक ते पाच टक्के कल्याण शुल्क कंपनीकडून वसूल करण्याची त्यात तरतूद आहे. बाराव्या मेन रस्त्यावरील झाडांखाली दुचाकीवर बसून फोनच्या घंटीची वाट पाहणाऱ्या पोरांना हा कायदा 'कामगार' म्हणतो की नाही, यावर कंपन्यांचा वाद चालूच राहील. टक्केवारी अपुरी आहे हेही खरे. तरी ज्यांना कंपन्या 'भागीदार' म्हणतात त्यांच्या नावाची नोंद सरकारी दप्तरात व्हावी, ही गोष्ट लहान नाही. 'भागीदार' या शब्दाची इतकी विटंबना मराठी व्यापाऱ्यांच्या चोपड्यांतही झाली नव्हती.

आणि नवा विमानतळ? २००८ पासून पाहुणे देवनहळ्ळीला उतरतात. तेथून शहराकडे निघालेल्या गाडीतून शेते दिसतात. त्याच तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीच्या तेरा गावांची १,७७७ एकर जमीन विमान-उद्योगाच्या वसाहतीसाठी घेण्याचे सरकारने ठरविले होते. द्राक्षे, भाजीपाला आणि दूध यांवर जगणाऱ्या या गावांनी २०२२ च्या एप्रिलपासून धरणे धरले. तीन वर्षांहून अधिक काळ ते चालले. सरकारे बदलली, विरोधी पक्षात असताना पाठिंबा देणारे सत्तेवर आले आणि घुटमळले, २०२५ च्या जूनमध्ये आंदोलकांना पोलिसांनी उचलले. डाव्या शेतकरी संघटना, दलित संघटना आणि कामगार संघटना एकत्र उभ्या राहिल्या. १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांनी संपादनाचा प्रस्ताव मागे घेत असल्याचे जाहीर केले.